तीनशे शब्दांत पडझड

वृद्धांच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘स्पिरिट’ म्हणायचं. लागेल तिथे झोंबणार, पण जखम चिघळू देणार नाही, असा त्याचा अर्थ कुणीतरी एकदा लावला होता. झोंबण्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, जखमेबद्दल होतं. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. पण आवडलेली गोष्ट कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नावडत्या गोष्टींची यादी मात्र तोंडपाठ होती, आणि ती म्हणून दाखवायला कुणी विचारण्याची त्या वाट बघत नसत.

यादीत पहिला नंबर कागदाचा. एकतीस वर्षांपूर्वी त्या नोकरीला लागल्या तेव्हा कॉटच्या पायथ्याशी एक पुठ्ठा लटकलेला असायचा, तेवढ्यावर माणसं बरी व्हायची किंवा जायची. आता प्रत्येकाची फाइल पेशंटपेक्षा जाड. “माणूस घरी जातो,” त्या म्हणायच्या, “फाइल मात्र कायमची अ‍ॅडमिट.” नवीन मुलींच्या अक्षरावर त्यांचा विशेष दात होता. जिला शीर सापडत नाही तिचं अक्षर हमखास मोत्यासारखं, हा त्यांचा अनुभवाचा नियम. ड्युटी संपायच्या आधी सगळ्या जणी एका टेबलाभोवती बसून दिवसभरात न मोजलेल्या नाड्या मोजल्यासारख्या लिहून काढायच्या. तेव्हा स्पिरिट सिस्टर मागे येऊन उभ्या राहायच्या.

“नऊ नंबरच्या आजोबांची नाडी बहात्तर? ते तासाभरापासून एक्स-रेला गेलेत. तिथे जाऊन मोजलीस, की फोनवर?”

दुसरा नंबर कॉन्फरन्सचा. पंधरा वर्षांपूर्वी त्यांना एकदा पाठवलं होतं. गारठलेल्या हॉलमध्ये चारशे नर्सेस, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची पट्टी आणि हातात कापडी पिशवी. व्यासपीठावर एक बाई ‘संवादाचे महत्त्व’ या विषयावर पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत होत्या, हॉलकडे पाठ करून, चाळीस मिनिटं. जेवणाच्या रांगेत शेजारणीनं विचारलं, “कसं वाटलं भाषण?” स्पिरिट म्हणाल्या, “पाठ चांगली होती.” त्यानंतर त्या कुठल्याही कॉन्फरन्सला गेल्या नाहीत आणि जाणाऱ्यांना परत आल्यावर सुखानं नांदू दिलं नाही.

अशा बाईंनी स्वतःच एक कागद काढला, ही खरी गंमत.

झालं होतं असं. वॉर्डात अठ्ठावीस कॉट, सगळी म्हातारी माणसं. ती पडायची. जिन्यावर नाही, ओल्या फरशीवर नाही. कॉटपासून संडासापर्यंतच्या पंधरा पावलांत पडायची. सहा महिन्यांत एकोणीस जण पडले. दोघांचे खुबे मोडले आणि एक आजी त्यानंतर उठल्याच नाहीत. उशाशी बेल होती, पण बेल कुणी दाबत नसे. ‘कशाला त्या पोरींना त्रास’ म्हणत एकटेच निघायचे आणि मग अख्ख्या वॉर्डाला त्रास. स्पिरिटनी विचार केला, ही माणसं मागणार नाहीत, तर आपणच विचारायचं. त्यांनी पट्टीनं रेघा मारून एक तक्ता केला. दर दोन तासांनी मावशींनी, म्हणजे वॉर्डातल्या आयांनी, प्रत्येक कॉटपाशी जाऊन विचारायचं, हवं तर धरून न्यायचं आणि रकान्यात बरोबरची खूण करायची. ड्युटी संपताना खाली इनचार्जची सही. पुढच्या सहा महिन्यांत चार जण पडले. एकोणिसाचे चार. स्पिरिट हा आकडा कुणाला सांगत नसत, पण येताजाता तक्त्यांवरून हात फिरवत, जसा कुणी आपल्या हुशार लेकराच्या डोक्यावरून फिरवावा.

हा आकडा मेट्रन मॅडमपर्यंत पोचला. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

“कॉन्फरन्सला आपल्याकडून तीन वर्षांत एक पेपर गेलेला नाही,” मॅडम म्हणाल्या. “नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून गेल्या वर्षी चार गेले.”

“तिथे पेशंट कमी असतील.”

“सिस्टर, पुढच्या वर्षी तपासणी आहे. संशोधनाच्या रकान्यात काहीतरी दाखवावं लागतं. तुमच्या त्या पडझडीवर प्रस्ताव पाठवा. तीनशे शब्द. क्वालिटी सेलची मदत घ्या.”

स्पिरिट तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्यांदा मॅडमनी विचारलं नाही, फॉर्मच पुढे सरकवला. तो घेऊन जिना उतरता उतरता पहिलं वाक्य त्यांच्या डोक्यात आपोआप तयार झालं. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ते त्यांना आवडायलाही लागलं होतं. अर्थात, हे कबूल करायला तिथे कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी नवऱ्यानं फॉर्म मोठ्यानं वाचला. नवरा जमीन मोजणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला; अटी, शर्ती आणि पोटकलमं वाचताना त्याला तारुण्य परत आल्यासारखं व्हायचं. खिडकीपाशी खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, कान हवे तेव्हा शाबूत.

“या वर्षीचं सूत्र, ‘परिचर्येची नवी क्षितिजं: आज, उद्या आणि त्यापलीकडे’,” नवऱ्यानं वाचलं.

“उद्याच्या पलीकडे काय असतं?”

“परवा,” सासूबाई म्हणाल्या.

“तीन उद्दिष्टं लिहायची. उपस्थितांना ‘कळेल’, ‘समजेल’, ‘उमगेल’ असं लिहायचं नाही. ही क्रियापदं अमान्य आहेत, कारण मोजता येत नाहीत.”

“मग मान्य काय?”

“‘यादी करू शकतील’, ‘वर्णन करू शकतील’, ‘वर्गीकरण करू शकतील’.”

“म्हणजे डोक्यात काही शिरलं नाही तरी चालेल, यादी आली पाहिजे.”

“तुमच्या खात्याचं तुला ठाऊक. पुढे, हितसंबंध नसल्याचं घोषणापत्र. विषयाशी निगडित कुठल्याही कंपनीशी लागेबांधे नाहीत, अशी सही करायची.”

“संडासात कुणाचे लागेबांधे असतात?” स्पिरिट म्हणाल्या, पण सही केली. आणि तीन उद्दिष्टंही लिहिली, तिन्ही यादी करण्याची. ज्या फॉर्मला त्या नाकं मुरडत होत्या त्याच्या समासात त्यांनी शिसपेन्सिलीनं शब्द मोजले, तेही दोनदा.

क्वालिटी सेल म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक बाई. ही बाई पूर्वी स्पिरिटच्या हाताखाली आठ महिने होती. पडून राहून होणाऱ्या जखमांचा, बेडसोरचा वास सहन होईना म्हणून तिनं वर्षभराचा कसलासा कोर्स केला आणि वासापासून कायमची सुटली. आता ती वॉर्डावर यायची ती हातात फायली घेऊन, आणि कॉटपासून हातभर लांब उभी राहून पेशंट ‘केंद्रस्थानी’ असल्याचं सांगायची. क्वालिटीवालीनं प्रस्ताव वाचला आणि हळुवारपणे बाजूला ठेवला.

“सिस्टर, विषय उत्तम आहे. पण शीर्षक ‘म्हाताऱ्यांना वेळेवर संडासला नेणे’ असं नाही देता येणार.”

“का? तेच करतो आम्ही.”

“‘ज्येष्ठ रुग्णांच्या पतन-प्रतिबंधासाठी सक्रिय, नियतकालिक शौचसाहाय्याचे प्रतिमान’.”

“हे वाचून होईपर्यंत माणूस पडेल.”

क्वालिटीवाली हसली नाही. तिनं अर्ध्या तासात सगळा प्रस्ताव धुऊन, पिळून, इस्त्री करून दिला. ‘मावशी’चं ‘साहाय्यक मनुष्यबळ’ झालं, ‘विचारण्या’चा ‘हस्तक्षेप’ झाला. स्पिरिटनी तोंड वाकडं केलं, पण कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आता एकच राहिलं होतं: पद्धतीच्या पुराव्यासाठी भरलेल्या तक्त्यांचे फोटो आणि किती टक्के फेऱ्या वेळेवर झाल्या तो आकडा. शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच.

सोमवारी दुपारी स्पिरिट सहा महिन्यांचे तक्ते घेऊन ड्रेसिंग रूममध्ये बसल्या. टक्के काढायला फार कष्ट पडले नाहीत. शंभर टक्के निघाले. एकही रकाना रिकामा नव्हता. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. स्पिरिटनी एकतीस वर्षांत शंभर टक्के झालेली एकच गोष्ट बघितली होती, ती म्हणजे खोटं रेकॉर्ड. त्यांनी चष्मा पुसला आणि तक्ते पहिल्यापासून घेतले.

सतरा नंबरचे आजोबा एका मंगळवारी सकाळी घरी गेले होते. गुरुवारी दुपारपर्यंत ते दर दोन तासांनी संडासला जात होते. त्या दोन दिवसांत सतरा नंबरची गादी गच्चीत उन्हात पडलेली होती. स्पिरिटनी स्वतःच ती टाकायला लावली होती. मग त्यांनी आग विझवण्याच्या सरावाचा दिवस काढला. त्या दिवशी अकरा वाजता सगळा वॉर्ड खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्यांवर बसला होता, आणि अठ्ठावीसही तक्त्यांवर अकराच्या रकान्यात खुणा होत्या, सगळ्या एका तिरकेपणाच्या, एका पेनाच्या. प्रत्येक तक्त्याखाली इनचार्जची सही होती. सहीचं अक्षर मोत्यासारखं होतं.

त्यांनी मावशींना बोलावलं. मावशी म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आया, नोकरीला बावीस वर्षं. ठेंगण्या, एक गुडघा कुरकुरणारा. नवीन डॉक्टर त्यांना वचकून असायचे. त्या स्वतः कुणाला वचकत असल्याचं ऐकिवात नव्हतं.

“मावशी, सतरा नंबरचे आजोबा मंगळवारी घरी गेले. गुरुवारपर्यंत त्यांना संडासला कोण नेत होतं?”

मावशींनी तक्ता हातात घेऊन लांब धरला. “खुणा माझ्याच आहेत.”

“ते दिसतंय मला. नेलंत कुणाला?”

“कुणाला नाही. सकाळी आल्या आल्या एकदम करून टाकतो. सगळ्याच जणी.”

“एकदम.”

“अठ्ठावीस तक्ते, सिस्टर, दर दोन तासांनी. तेच करत बसलं तर माणसं न्यायची कधी?”

स्पिरिटच्या जिभेवर आलेलं वाक्य चांगलं जहाल होतं, पण ते कुणाला लावायचं हे कळेना. मावशी तर कबूल करून मोकळ्या झाल्या होत्या.

“मग पडणं कमी कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“बघतो की आम्ही.”

“काय बघता?”

“पाय.” मावशी स्टुलावर बसल्या, गुडघा लांब केला. “जायचं असलं की म्हातारं माणूस तोंडानं बोलत नाही. चादरीखाली टाचा घासायला लागतं. मग अंगठा हलतो. मग दाराकडे बघतात, आपल्याकडे नाही. पाणी दिलं तर नको म्हणतात. एवढं झालं की समजायचं, पाच मिनिटांत उठणार.”

“मग विचारता?”

“विचारायचं नाही. विचारलं की नकोच म्हणतात. मोठी माणसं ती, कुणी मुलं वाढवली, कुणी ऑफिसं चालवली. त्यांना काय विचारायचं, लागली का म्हणून? आपण म्हणायचं, मी तिकडेच चाललेय, येता का. मग येतात. सोबत म्हणून येतात.”

स्पिरिटनी तक्त्यांचा गठ्ठा बाजूला सारला.

“हे तुम्ही आधी का नाही केलंत? तक्त्याच्या आधी?”

“करायचो जमेल तसं. पण कॉटजवळ नुसतं उभं राहिलो की तुम्ही म्हणायचात, काय मावशी, काम संपलं वाटतं. आता हातात तक्ता असतो. तुम्ही काही बोलत नाही. बघत उभं राहता येतं.” मावशी उठल्या. “चांगला आहे तो तक्ता. राहू द्या.”

स्पिरिट त्या दिवशी कुणालाही बोलल्या नाहीत. नवीन मुलींना वाटलं, बाईंना ताप आहे. बाईंना ताप नव्हता; बाई स्वतःला बोलत होत्या, आणि इतरांना बोलायच्या त्याहून कमी तिखट नाही. दुसऱ्यांच्या खोट्या नाड्या जिनं आयुष्यभर पकडल्या तिच्या नाकाखाली सहा महिने रिकाम्या गादीला संडासला नेत होते, आणि ही शहाणी त्याखाली सही करत होती. का, तर तक्ता तिचा होता.

तरी पारख केल्याशिवाय त्या मावशींवरही विश्वास ठेवणार नव्हत्या. मंगळवार-बुधवार दोन्ही दुपारी त्या वॉर्डाच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या आणि चादरींखालचे पाय बघत राहिल्या. मावशी म्हणाल्या होत्या तसंच होत होतं. टाचा, अंगठा, दार. आठ नंबरच्या आजींची आधी नाकपुडी हलायची, मग टाचा. हे मावशींनी सांगितलं नव्हतं. घरी त्यांनी सासूबाईंच्या पायांवर नजर ठेवली.

“काय पायांकडे बघतेस मघापासून?” सासूबाई म्हणाल्या. “बूट घेणार आहेस का मला?”

टाचा घासल्या गेल्या. सासूबाईंनी दाराकडे बघितलं. स्पिरिट म्हणाल्या, “आई, मी आतच चाललेय, येता का?”

“चल,” सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. सात वर्षं त्या हाताला धरू देत नव्हत्या.

गुरुवारी स्पिरिटनी इस्त्रीचा प्रस्ताव फाडला आणि नवीन लिहिला. सुरुवात अशी होती: ‘आमच्या वॉर्डात दर दोन तासांनी भरला जाणारा तक्ता खोटा होता. त्यावर सही माझी होती. पडणाऱ्यांची संख्या मात्र खरोखर कमी झाली. ती का, हे मला सहा महिन्यांनी कळलं.’ ‘कळलं’ हे क्रियापद अमान्य आहे हे ठाऊक असूनही त्यांनी ते ठेवलं. पुढे पाय, पाणी, दार आणि मावशींचं ते वाक्य, जसंच्या तसं.

क्वालिटीवालीनं ते वाचताना दोनदा दाराकडे बघितलं.

“सिस्टर, आपले तक्ते खोटे होते, हे आपणच लिहून द्यायचं?”

“दुसरं कुणी लिहिणार आहे का?”

मेट्रन मॅडमना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“खुणा मागून केल्या असतील. पण पेशंट पडले नाहीत ना? मग तक्ता बरोबरच आहे.”

“तक्त्याचा संबंध नाही, मॅडम.”

“हे मी ऐकलेलं नाही, सिस्टर,” मॅडम म्हणाल्या. त्यांची ऐकण्याची पद्धतही सासूबाईंसारखीच होती, फक्त सासूबाई त्याचा पगार घेत नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता स्पिरिट क्वालिटी सेलच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी प्रस्ताव टाइप करायला बसल्या. पहिली लेखिका म्हणून त्यांनी मावशींचं नाव घातलं. यंत्रानं नर्सिंगचा नोंदणी क्रमांक मागितला. मावशींकडे कुठून असणार? जागा रिकामी सोडली तर फॉर्म पुढे जाईना. त्यांनी स्वतःचा क्रमांक घातला, तर दोघींचा एकच कसा म्हणून यंत्र लाल झालं. शेवटी त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला.

“नोंदणी नसलेल्या व्यक्तीला लेखक होता येत नाही, मॅडम,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“आणि पेशंटला पडताना धरता येतं का?”

“त्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही. तुम्ही त्यांचं नाव आभारात घालू शकता.”

स्पिरिटनी वर जाऊन मावशींना विचारलं, आभारात घातलं तर चालेल का.

“आभार कसले,” मावशी म्हणाल्या. “मला पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी द्या, नातीकडे जायचंय.”

पावणेपाचला प्रस्ताव तीनशे चार शब्दांचा भरला. यंत्र घेईना. फाडलेल्या मसुद्यातलं एकच वाक्य कॉन्फरन्सच्या समाधानासाठी त्यांनी ठेवलं होतं. त्यातले ‘परिचर्येच्या नव्या क्षितिजांच्या दृष्टीने’ हे चार शब्द त्यांनी खोडले. तीनशे. पाठवला.

शेजारच्या कॉम्प्युटरवर क्वालिटीवालीही काहीतरी पाठवत होती. “मॅडम म्हणाल्या, पहिला मसुदाही जाऊ दे. त्यांच्या नावानं,” ती मान वर न करता म्हणाली.

“शंभर टक्क्यांसकट?”

“मी तक्ते पाहिलेच नाहीत, सिस्टर.”

पुढच्या महिन्यात मावशी नातीकडे गेल्या. पहिल्याच दिवशी सकाळी एक आजी पडल्या. लागलं नाही, पण पडल्या. दुसऱ्या दिवशी स्पिरिट स्वतः कॉटजवळ उभ्या राहिल्या. पाच नंबरला एक निवृत्त हेडमास्तर होते, ताठ मानेचे. त्यांच्या टाचा घासू लागल्या, अंगठा हलला, नजर दाराकडे गेली. सगळं पुस्तकात असावं तसं. स्पिरिट पुढे झाल्या.

“मी तिकडेच चाललेय, येता का?”

हेडमास्तरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग जा की,” ते म्हणाले.

यावर काय बोलायचं हे मावशींनी शिकवलं नव्हतं. स्पिरिट संडासापर्यंत गेल्या, दारात मिनिटभर मूर्खासारख्या उभ्या राहिल्या आणि परत आल्या. हेडमास्तर एकटेच उठले होते. स्पिरिटनी धावत जाऊन त्यांना बगलेत हात घालून धरलं, म्हणून वाचले. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांना नेणं जमलं नाही. चौथ्या दिवशी एकाला जमलं. मावशी परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

“तुम्ही ऑर्डर दिल्यासारखं म्हटलं असणार,” मावशी म्हणाल्या. “मास्तरांना म्हणायचं, मला जरा हात द्या. माझा गुडघा दुखतो.”

“माझा नाही दुखत.”

“दुखवायचा थोडा.”

सहा आठवड्यांनी निकाल आले. मेट्रन मॅडमचा प्रस्ताव दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी स्वीकारला होता. स्पिरिटचा नाकारला होता, तीन परीक्षकांच्या शेऱ्यांसह. पहिल्यानं विचारलं होतं, ‘पायांच्या हालचालींचे मोजमाप कोणत्या प्रमाणित साधनाने केले?’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘तक्ते खोटे असतील तर निष्कर्ष ग्राह्य कसे धरावेत?’ या प्रश्नात दम आहे, असं स्पिरिटना प्रामाणिकपणे वाटलं. फक्त तो मॅडमच्या प्रस्तावाला विचारायला हवा होता, आणि तिथे तो विचारता येण्याजोगं सत्य कुणी लिहिलं नव्हतं. तिसऱ्याचा शेरा होता, ‘परिषदेच्या सूत्राशी संबंध स्पष्ट होत नाही.’ नवऱ्यानं ते पत्र नीट फाइल करून ठेवलं.

मॅडम सादरीकरण करून आल्या. मागच्या रांगेत बसलेल्या क्वालिटीवालीनं सांगितलं की टाळ्या चांगल्या पडल्या आणि शंभर टक्क्यांवर तर हॉलमध्ये कुजबुज झाली. त्यांना काचेचं मानचिन्ह मिळालं, ते केबिनबाहेरच्या कपाटात ठेवलं गेलं. महिन्याभरात पत्रक निघालं: सदर यशस्वी तक्ता आता सातही वॉर्डांत लागू, आयांनी दर दोन तासांनी भरावा, कुचराई केल्यास कारवाई. पत्रकाच्या खाली लिहिलं होतं, ‘संकल्पना: वृद्ध विभाग’.

स्पिरिटनी मॅडमना लेखी कळवलं की निदान आपल्या वॉर्डातून तक्ता काढावा, आयांना बघायला वेळ द्यावा. दोन ओळींचं उत्तर आलं. ज्या वॉर्डानं तक्ता शोधला त्यानंच तो नाकारणं संस्थेच्या प्रतिमेला शोभणार नाही.

तेव्हा स्पिरिटनी वॉर्डातल्या सगळ्या आयांना बोलावून सांगितलं, “तक्ते माझ्याकडे. तुम्ही हात लावायचा नाही. कॉटजवळ उभ्या राहा. कुणी विचारलं काय करताय, तर माझं नाव सांगा.” आणि रोज ड्युटी संपायच्या आधी, नवीन मुली नाड्या लिहायला बसायच्या त्याच टेबलावर, एका कोपऱ्यात बसून त्या अठ्ठावीस तक्ते भरू लागल्या. मुली बघत राहिल्या. स्पिरिटनी मान वर केली नाही. पूर्वी त्यांच्या पाठीमागे उभं राहून जे बोलायच्या ते आता बोलायची सोय राहिली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त झोंबली. फक्त एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला: कुणी पडलं, तर त्याची नोंद त्याच क्षणी, लाल पेननं, वेळ आणि कारण लिहून. ती खोटी लिहायची नाही, मागूनही लिहायची नाही.

वर्षानं तपासणी झाली. तपासायला आलेल्या बाईंनी वृद्धांच्या वॉर्डात तक्ते उलटले, एक, दोन, पाच.

“फार सुंदर ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “पण बाकीच्या वॉर्डांत एकही पडल्याची नोंद नाही, आणि तुमच्याकडे वर्षात पाच?”

“हो,” स्पिरिट म्हणाल्या. “आमच्याकडे पडतात.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या अहवालात वृद्धांच्या वॉर्डाला सातांत सगळ्यात कमी गुण मिळाले, ‘पतन-प्रतिबंधात सुधारणेस वाव’ असा शेरा बसला, आणि सुधारणेसाठी स्पिरिट सिस्टरना मेट्रन मॅडमच्या दोन तासांच्या प्रशिक्षणाला बसवण्यात आलं. त्या बसल्या. मॅडम पडद्याकडे तोंड करून वाचत होत्या. स्पिरिट खालून मॅडमचे पाय बघत होत्या, आणि एक तास वीस मिनिटांनी टाचा घासल्या गेल्यावर त्या उठून म्हणाल्या, “मॅडम, जरा थांबू या का? मला बाहेर जायचंय.”

“चला, मीही येते,” मॅडम म्हणाल्या.